सकाळपासून सांग, गुरजी

पथारीवर मिरची पडली की आमच्या कॉलनीत पाहुणा कोण आणि घरचा कोण ते लगेच कळतं. पाहुणा खोकतो. आम्ही नंदुरबारचे लोक खोकत नाही. डोळे जरा चुरचुरतात, नाक वाहतं, तेवढ्यावर भागतं. रस्त्याच्या पलीकडच्या उघड्या माळाला आम्ही पथारी म्हणतो. तिथे हिवाळाभर ओली लाल मिरची पसरून वाळवतात. सकाळी ती ओलसर चमकते, दुपारपर्यंत मऊ पडते, आणि चार-सहा दिवसांनी पाय लागला की खुळखुळ वाजायला लागते. संध्याकाळी वारा फिरला की सगळी कॉलनी एकदम खिडक्या लावून घेते. गेल्या रविवारी माझी मुलगी वैशाली नाशिकहून आली आणि रिक्षातून उतरता उतरताच तिला ठसका लागला. जन्म इथला, बारावीपर्यंतचं शिक्षण इथलं. मी तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि मनात म्हटलं, ही आता पाहुणी झाली.

चार वर्षांत ती मिरचीच्या दिवसांत पहिल्यांदाच आली. एरवी दिवाळीला येते, उन्हाळ्यात मुलाला घेऊन येते, पण मार्गशीर्षात नाही. का येत नाही ते मी विचारलं नव्हतं, कारण मला वाटायचं मला ठाऊक आहे. तिची आई, म्हणजे माझी बायको शकुंतला, याच दिवसांत गेली. आणि त्या दिवशी सकाळी शकू माझ्याशी एक वाक्य बोलली होती, ते मी मुलीला चार वर्षं सांगितलेलं नव्हतं. बाकी सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, गाडी किती वाजता आली, देहदानाचे कागद कोणी भरले. ते एक वाक्य तेवढं गिळून बसलो होतो.

मी शास्त्राचा शिक्षक. पस्तीस वर्षं मुलांना पुरावा मागायला शिकवलं आणि घरीही तेच केलं. घरात सगळे अहिराणी बोलायचे, मी मात्र शाळेतली मराठी. शकू म्हणायची, "घरमा बी फळा लई येतस तुम्ही." घरी फळा घेऊन येतो, हे तिचं खरं होतं. आमचं एक मंडळ आहे, तेव्हा सात घरांचं. नाव ठेवायचं राहूनच गेलं. लोक 'नास्तिकांचं मंडळ' म्हणतात, तेच चाललं. देवाधर्माशिवाय माणसाने माणसाशी चांगलं वागावं आणि जन्म, लग्न, मरण आपल्या शब्दांत साजरं करावं किंवा सोसावं, एवढाच आमचा उद्योग. लग्नात वर-वधू एकमेकांना लिहिलेली पत्रं वाचतात. बारशाला आजी-आजोबा बाळाला त्याच्या घराण्याची एक खरी गोष्ट सांगतात. आणि मरणाला आम्ही दोन मिनिटं उभं राहायचो. बस, एवढंच. मरणाच्या बाबतीत आमची अक्कल दोन मिनिटांपुढे कधी गेलीच नाही.

आमच्याकडे मयताच्या घरी जाऊन बसण्याला दारवर जाणं म्हणतात. पेपरात छापताना त्याचं द्वारदर्शन होतं. मला त्याचा मनस्वी राग. बाया यायच्या, गळ्यात पडायच्या, आणि प्रत्येक बाई पहिल्यापासून विचारायची, कसं झालं वं माय. सांगणारी बिचारी विसाव्या वेळी तेच सांगायची. मी त्याला रडण्याची हजेरी म्हणायचो. शकू मात्र कोणाचंही दार चुकवायची नाही. ओळखीचं असो, अर्ध्या ओळखीचं असो, पातळ बदलून निघायची. मी टोमणा मारला की चपला घालता घालता म्हणायची, "मी देवकरता नई जास, मानूसकरता जास." मी हसायचो. आपण वादात जिंकलो असंच मला दर वेळी वाटायचं.

मंडळासाठी शोकसंदेशाचा नमुना मीच लिहून ठेवला होता. नावाच्या जागी टिंबं. खाली: दशक्रिया, उत्तरकार्य, गंधमुक्ती, द्वारदर्शन इत्यादी कोणतेही विधी होणार नाहीत, तरी कृपया कोणीही येण्याची तसदी घेऊ नये. त्या 'तसदी घेऊ नये' वर मी खूश होतो. नम्र आणि ठाम, असं माझं मत. शकू गेली त्या संध्याकाळी मी फाइल उघडली, टिंबांवर तिचं नाव लिहिलं आणि पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी पेपरातही आलं. हात थरथरला नाही याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. आज त्याचीच लाज वाटते.

लोकांनी माझं ऐकलं. जन्मभर कोणी ऐकलं नाही, तेव्हा मात्र ऐकलं. पहिल्या दिवशी मंडळाची माणसं आली, दोन मिनिटं उभी राहिली आणि नियमाप्रमाणे गेली. वैशाली आणि जावई चार दिवस राहिले. पाचव्या दिवशी ती दोघं गेली आणि घरात मी उरलो. दूधवाला पिशवी ठेवून मान खाली घालून निघून जायचा. शेजारचे लोक फाटकापाशी चाल मंद करायचे आणि पुन्हा वाढवायचे. सर नाराज होतील, असं त्यांना वाटत असणार. सहाव्या दिवशी मी दाढी केली, धुतलेला शर्ट घातला आणि पुढच्या खोलीत सतरंजी अंथरली. स्वतःला सांगितलं, जमिनीवर बसलं की पाठीला बरं. खोटं. मी वाट पाहत होतो. सातव्या दिवशी अंथरली, आठव्या दिवशीही अंथरली. संध्याकाळी झटकून घडी घालायचो, तर तिच्यावर कोणी बसलेलंच नसल्यामुळे झटकायला काही निघायचं नाही.

नवव्या दिवशी जात्रीबाई आली. ती धडगावकडच्या डोंगरातली पावरा बाई. दर हिवाळ्यात घरची माणसं घेऊन पथारीवर मिरचीचे देठ खुडायला उतरते, तिथेच पालात राहते आणि पाण्याला आमच्या मागच्या नळावर येते. शकूची तिच्याशी मैत्री होती. दुपारी दोघी पायरीवर बसून खुडत आणि बोलत. एक अहिराणीत, दुसरी पावरीत, आणि कुठे अडलं की बाजारातल्या मराठीत. माझा तिच्याशी संबंध म्हणजे नळ नीट बंद करत जा, एवढं सांगण्यापुरता.

ती सतरंजीवर बसली नाही. उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून जमिनीवर बसली आणि पदराची गाठ सोडून मूठभर ज्वारी माझ्यापुढे ठेवली. कोणाच्या दारी रिकाम्या हाताने जात नाहीत, म्हणाली. हातांना मिरचीचा वास, नखं लाल. मग तिने विचारलं, आणि विचारताना आवाज मुद्दाम खाली घेतला, "गुरजी, बाईनं कोणाचं वाईट केलं का?"

मला कळेना. मी म्हटलं, "का बरं?"

"आम्ही तिकडून रोज पाहतो. आठ दिवस झाले. तुझ्या दारवर कोणीच येत नाही."

मी त्या क्षणी जो हबकलो, तसा दवाखान्यातही हबकलो नव्हतो. रस्त्यापलीकडे मिरची खुडणाऱ्या तीस-चाळीस बाया रोज माझं रिकामं दार पाहत होत्या, आणि त्यांनी त्याचा अर्थ लावला होता की ही बाई वाईट असली पाहिजे. जिने जन्मभर कोणाचं दार चुकवलं नाही, तिच्याबद्दल असा समज. आणि तो माझ्या एका ओळीने करून दिला होता, नम्र आणि ठाम. मी पेपरातलं सांगायला गेलो, देहदान सांगायला गेलो. दोन्ही अर्धवट सोडलं.

तिने तेही ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काय झालं ते सांग."

हे उत्तर माझ्याकडे तयार होतं. "हृदयविकाराचा तीव्र झटका."

"ते डॉक्टरचं झालं," ती म्हणाली. "तू सकाळपासून सांग, गुरजी." डोंगरातल्या माणसाला 'तुम्ही' माहीत नसतं, कलेक्टर आला तरी तूच. त्या दिवशी ते तू मला फार जवळचं वाटलं.

मी सांगायला लागलो. रविवार होता. मंडळाची बैठक शहाद्याला. शकू साडेसहाला उठली, चहा केला, आलं किसताना बोटाला किसणी लागली म्हणून चिडली. मी पेपर वाचत होतो. ती न्हाली, वेणी घातली. "मंग?" जात्रीबाई म्हणाली. मग मला डबा नको म्हटलं तरी दशमी बांधून दिली. "मंग?" मग मी बूट घालत होतो. ती दाराला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "आज ऱ्हाऊ द्या ना जानं. मन्हा जीव कसातरी करी ऱ्हायना."

"मंग?"

मी म्हटलं, पित्त असेल. लिंबूपाणी घे, बारापर्यंत येतो. आणि गेलो. साडेआठची एसटी पकडली. प्रकाशाच्या पुलावरून तापी पाहिली, काठावर कोणाचे तरी विधी चाललेले पाहिले, आणि मनातल्या मनात हसलो. शहाद्याला दोन तास आम्ही सात-आठ शहाणी माणसं एका प्रश्नावर भांडलो: बारशाच्या कार्यक्रमात समई लावावी की नाही. समई हा विधी की नुसता उजेड. मी समईच्या विरोधात होतो. फार जोरात होतो. खिशात फोन वाजत होता आणि मुद्दा पुरा होईपर्यंत मी तो काढला नाही.

हे मी कोणालाही सांगितलेलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. सांगून झाल्यावर जात्रीबाईने मला दोष दिला नाही आणि माफही केलं नाही. तिने नुसती मान हलवली आणि म्हणाली, "तुझं झालं. आता अकरापासूनचं मी सांगते."

शेजाऱ्याने मला फोनवर एवढंच सांगितलं होतं की पथारीवरच्या बायांनी आरडाओरड केली. कोणत्या बायांनी, ते मी विचारलं नव्हतं. पुरावा मागणारा मी, आणि स्वतःच्या बायकोजवळ शेवटी कोण होतं ते नऊ दिवसांत विचारायचं मला सुचलं नव्हतं. जात्रीबाई अकराला हंडा घेऊन आली होती. शकू मागच्या पायरीवर सुपात मिरची घेऊन बसलेली. जात्रीबाईच्या नातीला बरं आहे का विचारलं, खोकल्याला ओवा दे म्हणाली. हंडा भरत होता. शकूने भिंतीला डोकं टेकलं. "नळ बंद कर," म्हणाली. मग तिच्या मांडीवरचं सूप कलंडलं. जात्रीबाईने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि हाका मारत सुटली.

त्या दिवशी दवाखान्यातून मी घरी आलो तेव्हा मागच्या अंगणात चिखल झाला होता. नळ धो धो चालू. मी कोण बेअक्कल म्हणून मोठ्याने शिवी दिली होती आणि तो करकचून बंद केला होता. ते आठवलं आणि मी त्या बाईसमोर, भिंतीला टेकून, पहिल्यांदा रडलो. ती उठली नाही, जवळ आली नाही. माझं होईपर्यंत बसून राहिली. मग ज्वारी डब्यात ठेव, उंदीर खातील, असं सांगून कामावर गेली.

नंतर मी यावर पुष्कळ विचार केला. मास्तराची खोड जात नाही. तीच जखम पुन्हा पुन्हा उघडायची म्हणून ज्या प्रश्नाचा मला राग यायचा, तो प्रश्न मी कधी नीट ऐकलाच नव्हता. मरण सांगायला एक ओळ पुरते. पण सकाळपासून सांगायचं म्हटलं की आधी माणूस जिवंत सांगावा लागतो. तो चहा करतो, चिडतो, दशमी बांधतो. आणि सगळी सकाळ कोणा एकाकडे नसते, थोडी याच्याकडे असते, थोडी त्याच्याकडे. म्हणून माणसं जमावी लागतात. यात देवाचा काही संबंध नाही. मंत्र काढून टाकताना आम्ही त्याबरोबर सतरंजीवरची माणसंही उठवून दिली होती.

पुढच्या बैठकीत मी म्हटलं, नमुन्यातली शेवटची ओळ काढा. शहाद्याचे दिनकरअण्णा, केळीचे बागाईतदार, मंडळातले माझ्याइतकेच हट्टी, भडकले. "मंग आपलामा आनि त्यासनामा फरक काय ऱ्हायना, सर?" मी म्हटलं, फरक राहिला नाही तर नाही राहिला. माझ्या तोंडून हे ऐकून सगळे गार पडले. भांडणं झाली, एक घर मंडळ सोडून गेलं, नवीन चार आली. आता आमच्यात कोणी गेलं की दहा दिवस पाळीपाळीने माणसं त्या दारवर जातात, खाली बसतात आणि एकच विचारतात, सकाळपासून सांगा. आणि वर्षातून एकदा, मिरचीच्या दिवसांत, माझ्या अंगणात सतरंज्या पडतात. ज्याला आपलं गेलेलं माणूस सांगावंसं वाटतं तो सांगतो. मिरचीमुळे सगळ्यांचेच डोळे वाहत असतात, त्यामुळे कोणाला लाजायला होत नाही. समईही लावतो. वाऱ्याने विझते, पुन्हा लावतो.

तीन वर्षं मी सगळ्यांना बोलतं केलं. मधेच थांबणाऱ्याला "मंग?" म्हटलं. माझी पाळी आली की मात्र चहाचं बघायला उठायचो. दिनकरअण्णांनी एकदा टोकलंही. मी न ऐकल्यासारखं केलं, कारण तिथे सांगितलेलं नाशिकला पोचलं असतं. आणि मुलगी तोंड फिरवील याची भीती होती. मुलगी तेवढी एकच उरली आहे मला.

गेल्या रविवारी ती त्याच सतरंजीवर येऊन बसली. येताना सांगितलं नव्हतं. दोघा-तिघांचं सांगून झालं. मी उठायला लागलो, तर तिने खोकत खोकत माझा हात धरला. "चहा होईल, नाना. तुम्ही सांगा. सकाळपासून."

अंगणात पंधरा-वीस माणसं. भिंतीशी जात्रीबाई. म्हटलं, आता नाही तर मग कधीच नाही. आलं, किसणी, वेणी, दशमी. दाराशी आलो तेव्हा ते वाक्य जसंच्या तसं, शकूच्याच बोलीत, सांगितलं. आज ऱ्हाऊ द्या ना जानं. पित्त सांगितलं. लिंबूपाणी सांगितलं. समई सांगितली, वाजणारा फोन सांगितला. वैशालीकडे पाहिलं नाही. मग जात्रीबाईने अकरापासूनचं सांगितलं, नळापर्यंत. दिनकरअण्णा मान खाली घालून बसले होते. पथारीवर कोणीतरी मिरची उलथत होतं, तो आवाज तेवढा येत होता.

मी वैशालीच्या बोलण्याची वाट पाहत होतो. ती म्हणेल, तुम्ही थांबला असतात तर. म्हणायचा हक्कच आहे तिचा. ती म्हणाली, "नाना, मधलं राहिलं."

"मधलं?"

"तुम्ही साडेआठला गेलात. जात्रीमावशी अकराला आल्या. मधलं माझ्याकडे आहे." ती जमिनीकडे पाहत बोलत होती. "दहाला तिने मला फोन केला होता. घरी पाहुणे होते. मी म्हटलं, आई, संध्याकाळी करते. ती म्हणाली, 'बरं, काम करी ले बेटा,' आणि मी ठेवून दिला."

चार वर्षं मी तिच्यापासून तोंड लपवत होतो आणि चार वर्षं ती माझ्यापासून. ती या दिवसांत का येत नाही ते मला ठाऊक आहे म्हणत होतो, आणि मला काडीचंही ठाऊक नव्हतं. तुझी काही चूक नाही, असं माझ्या ओठावर आलं. तेवढ्यात जात्रीबाईने माझ्याकडे पाहिलं. मी ते गिळलं आणि मुलीकडे सरकून बसलो.

"त्या दिवशी पाहुण्यांना जेवायला काय केलं होतंस?" मी विचारलं. "सकाळपासून सांग."